निजामशाहीचा इतिहास : साक्षीदार कोण?

महाविद्यालयात इतिहास विषय घेणाऱ्या आपल्या मुला-मुलींना प्रकल्प किंवा शोधनिबंध लिहावा लागतो. नगर जिल्ह्यातील विद्यार्थी निजामशाही, चाँदबिबी किंवा मलिक अंबर यांच्याकडे सहज वळतात. विषय घरचा म्हणून सोपा वाटतो. प्रत्यक्षात मात्र ऐकीव गोष्टी, पर्यटन-पुस्तिका आणि मोबाईलवर फिरणारा मजकूर यांचीच वहीत भरती होते. दलील नसलेला दावा परीक्षकापुढे टिकत नाही, आणि समाजापुढे तर मुळीच टिकत नाही.

आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घेऊ. शहराबाहेर डोंगरावर उभी असलेली तीन मजली अष्टकोनी इमारत सारे नगरकर 'चाँदबिबीचा महाल' म्हणून ओळखतात. वास्तविक ती मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. लोकांनी चाँदबिबीवर किती प्रेम केले, हे या नावावरून कळते. इमारत कोणाची, हे कळत नाही. लोकस्मृतीही पुरावाच आहे, पण कशाचा पुरावा, हे आधी ठरवावे लागते.

निजामशाहीचे दोन प्रमुख साक्षीदार म्हणजे सय्यद अली तबातबा आणि फरिश्ता. तबातबाने दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या आज्ञेवरून 'बुऱ्हान-ए-मआसिर' लिहायला घेतले. त्याची हकीकत 1596 च्या तहाशी थांबते. फरिश्ता तरुणपणी नगरच्या दरबारात होता. 1589 मध्ये तो विजापूरला गेला आणि आपला ग्रंथ त्याने तेथे लिहिला. म्हणून 1595-96 च्या मोगल वेढ्यासाठी तबातबा जवळचा साक्षीदार ठरतो. 1600 मधील चाँदबिबीच्या हत्येबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. तेथे फरिश्ता आणि मोगल ग्रंथ उघडावे लागतात.

जवळचा साक्षीदार नेहमी खराच बोलतो असेही नाही. फरिश्ता निजामशाही घराण्याचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुटुंबात सांगतो, तर तबातबा संस्थापक अहमदशहाचा संबंध बहमनी राजरक्ताशी जोडतो. आश्रयदात्याचे कूळ थोर दाखवण्यात दरबारी लेखकाचा फायदा असतो. म्हणून कोणी, कधी, कोठे बसून आणि कोणासाठी लिहिले, हे चार प्रश्न प्रत्येक ग्रंथाला विचारावेत. आपल्या परंपरेला ही रीत नवी नाही. हदीसच्या विद्वानांनी रिवायत स्वीकारण्यापूर्वी रावींची साखळी तपासली. तीच शिस्त तारीख लिहिताना का सोडावी?

विरोधकाची साक्ष तर फार मोलाची. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात मलिक अंबरचा उल्लेख शिव्याशाप देऊन करतो. पण त्याच दरबारातला मुतमदखान 'इक्बालनामा-ए-जहांगिरी'त अंबरच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळेपणाने तारीफ करतो. आपण आपल्या माणसाची दहा पाने स्तुती केली, तरी शत्रूच्या या कबुलीइतके वजन तिला येणार नाही.

कधी पुराव्यावरही हात फिरवलेला असतो. आफताबी या कवीचे 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातील बऱ्याच चित्रांत चाँदबिबीची आई खुंजा हुमायून हिची आकृती नंतर रंग फासून झाकलेली दिसते. राणीची सत्ता गेली आणि चित्रातून तीही गेली. कागदावर जे नाही तेही वाचावे लागते.

भाषांतर वापरतानाही सावध राहावे. जॉन ब्रिग्जचे 1829 चे इंग्रजी भाषांतर सगळीकडे उद्धृत होते, पण त्याने मूळ मजकूर अनेक ठिकाणी आवळला आहे. डॉ. भ. ग. कुंटे यांनी ही फारसी साधने मराठीत आणली. ती ताडून पाहावीत. मेडोज टेलरचे 'अ नोबल क्वीन' (1878) ही कादंबरी आहे, साधन नव्हे. 1884 चे जिल्हा गॅझेटिअर उपयुक्त आहे, पण ते घटनेनंतर शतकांनी लिहिलेले आहे. सनावळीही तपासावी. हिजरी 1008 हे वर्ष जुलै 1599 मध्ये सुरू होऊन जुलै 1600 मध्ये संपले. नुसते हिजरी वर्ष हाती असेल, तर एक लेखक 1599 लिहितो, दुसरा 1600, आणि वाद विनाकारण वाढतो. शिवाय 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले असले, तरी जुने दप्तर 'अहमदनगर' याच नावाखाली शोधावे लागेल.

उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलांकडे या कामाची एक किल्ली आहे. फारसी आणि उर्दूची लिपी जवळपास एकच. शब्दसंपत्तीही बरीच सामाईक. दोन-तीन वर्षे नेटाने फारसी शिकली, तर मूळ ग्रंथ त्यांना खुला होईल. त्याला मराठीची जोड दिली, तर तो ग्रंथ सर्व वाचकांपर्यंत पोचेल. आज हे काम करणारे हात फार थोडे आहेत.

दख्खनच्या सुलतानांविषयी आज खूप बोलले जाते. कोणी केवळ दूषणे देतो, कोणी केवळ गौरव करतो. दूषणांना पुराव्याशिवाय केलेल्या गौरवाने उत्तर देता येत नाही. नगरच्या मातीत मराठे, हबशी, इराणी, दख्खनी मुसलमान, ब्राह्मण कारभारी यांनी मिळून एक राज्य चालवले. शहाजीराजांच्या कर्तृत्वाची सुरुवातही त्याच राज्यात झाली. हा इतिहास सर्वांचा आहे. आपल्या मुलांनी तो अभिमानाने जरूर लिहावा. मात्र प्रत्येक वाक्याचा साक्षीदार उभा करूनच लिहावा.