पाणबुडी विकत घेता येते, पाणबुडीवरचा माणूस नाही

पीएचडीसाठी ‘विषय’ शोधत असाल तर जरा थांबा. विषय ढीगभर मिळतात, अडतं ते प्रश्नावर. तारखांच्या साध्या यादीतून प्रश्न कसा निघतो, ते आज एका उदाहरणावरून बघू. उदाहरण अमळनेरपासून बरंच लांबचं आहे, पाणबुडीचं. शेवटी मात्र आपण गावातच परत येणार आहोत.

8 डिसेंबर 1967. सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात ‘आयएनएस कलवरी’ भारतीय नौदलात दाखल झाली. ही आपली पहिली पाणबुडी, म्हणूनच 8 डिसेंबर हा पाणबुडी दिन. परीक्षेला एवढं लिहिलं तरी गुण मिळतात. संशोधकाने मात्र पुढे विचारायचं: ज्या देशाकडे त्याआधी एकही पाणबुडी नव्हती, त्याला ती चालवणारी माणसं कुठून मिळाली?

तयारी आधीच सुरू झाली होती. 1962 पासून आपले काही अधिकारी आणि नौसैनिक ब्रिटनमध्ये शिकायला गेले. पाणबुडी सोव्हिएत संघाकडून घ्यायची ठरल्यावर पुढच्या तुकड्या व्लादिवोस्तोकला गेल्या. तिथे आधी रशियन भाषा आणि मग यंत्रं. कारण झडपेवरची पाटीही रशियन आणि शिकवणाराही रशियन.

आता हे शिक्षण असतं कसं? जहाजावर इंजिनवाल्याने इंजिन सांभाळलं की भागतं. पाणबुडीत तसं चालत नाही. पाणी किंवा धूर आत शिरला तर शेजारच्या कप्प्यातला माणूस येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. म्हणून स्वयंपाक्यापासून अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला सगळ्या पाणबुडीची ओळख करून घ्यावी लागते. कुठली नळी कुठून कुठे जाते, कुठली झडप कशासाठी, अंधारात हात कुठे जायला हवा, हे सगळं. त्यानंतर तोंडी परीक्षा. ती पास झाल्यावरच छातीवर डॉल्फिनचा बिल्ला लागतो. तुमच्या वायवाची भीती वाटत असेल तर ही वायवा आठवा.

बुडालेल्या पाणबुडीतून सुटण्याचा सराव घ्या. 30 मीटर खोलीवर दाब साधारण 4 वातावरण असतो. तिथे फुप्फुसात घेतलेली 5 लिटर हवा पृष्ठभागावर येईपर्यंत 20 लिटर व्हायला बघते. बॉईलचा नियम, अकरावीत सगळ्यांनी केलेला. श्वसनाचा टोप नसताना वर येणाऱ्याने श्वास सतत सोडत राहायला हवा, नाहीतर फुप्फुस फाटतं. पण पाण्यात शरीर सांगतं की श्वास धरून ठेव. नियम पाठ असल्याने ही सवय मोडत नाही. त्यासाठी सराव करून घेणारा माणूस शेजारी लागतो. कागदावर पूर्ण उतरत नाही अशा या ज्ञानाला मायकेल पोलान्यी या विचारवंताने नाव दिलं, त्याला आपण ‘अव्यक्त ज्ञान’ म्हणू. 1974 साली हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने ब्रिटनमधल्या लेझरच्या प्रयोगशाळांचा अभ्यास मांडला. नुसते शोधनिबंध वाचून कुणालाच चालणारा लेझर बनवता आला नव्हता. ज्यांचा जाणकारांशी प्रत्यक्ष संबंध होता, त्यांनाच तो जमला.

त्याच 1974 साली विशाखापट्टणमला ‘आयएनएस सातवाहन’ ही पाणबुडी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. नाव आपल्या पैठणच्या सातवाहनांचं. परदेशात शिकून आलेल्यांनी पुढच्यांना शिकवलं, त्यांनी त्यापुढच्यांना. पाणबुड्या बदलल्या, कलवरी स्वतः 1996 मध्ये निवृत्त झाली, पण शाळा चालू राहिली. 2024 मध्ये तिथे सुटकेच्या सरावासाठी ‘विनेत्र’ ही नवी सोयही झाली.

आता याच नौदलाची दुसरी साखळी बघा, पाणबुडी बांधणाऱ्यांची. 1981 च्या जर्मन करारानुसार दोन पाणबुड्या जर्मनीत आणि दोन मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधायच्या होत्या. मुंबईत बांधलेली ‘शाल्की’ 1992 मध्ये दाखल झाली, ‘शंकुल’ 1994 मध्ये. पुढच्या दोन होणार होत्या, पण व्यवहारावर दलालीचे आरोप झाले आणि काम तिथेच थांबलं. पाणबुडीच्या जाड पोलादी कवचाचं वेल्डिंग शिकलेले हात पांगले, काही निवृत्त झाले. फ्रेंच बनावटीच्या पाणबुड्यांचा करार 2005 मध्ये झाला आणि त्यातली पहिली, नवी ‘कलवरी’, डिसेंबर 2017 मध्ये दाखल झाली. मध्ये 23 वर्षं. एकदा शिकलेलं काम दुसऱ्या देशाकडून पुन्हा शिकावं लागलं.

दोन्ही साखळ्या एकाच नौदलासाठी. एक टिकली, दुसरी तुटली. डॉकमध्ये नकाशे नव्हते म्हणून ती तुटली असं म्हणता येत नाही. पुढची तुकडी हाताखाली आलीच नाही, म्हणून तुटली. हा झाला प्रश्न: कौशल्य टिकतं ते कागदामुळे, यंत्रामुळे, की सतत येत राहणाऱ्या शिकाऊ माणसांमुळे? बघा, तारखा त्याच, फक्त दोन रांगा शेजारी ठेवल्या. तुलना केली की कारण विचारावंच लागतं.

आणि हा प्रश्न विचारायला समुद्र लागत नाही. अमळनेरची प्रताप मिल बंद पडली. तिचे हिशेब, जमिनीचे कागद कुठल्या ना कुठल्या दप्तरात सापडतील. पण चालत्या मागावर तुटलेला धागा कसा जोडायचा, मागाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा, हे कुठल्या दप्तरात असणार? ते ज्यांच्या हातात आहे, ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. दप्तर दहा वर्षांनीही जागेवर असेल, माणसं नसतील. म्हणून क्रम उलटा लावा: आधी मुलाखती, मग कागद. जाताना तीनच प्रश्न न्या. काम कोणाकडून शिकलात? हात बसायला किती दिवस लागले? आणि तुम्ही पुढे कोणाला शिकवलंत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणालाच नाही’ असं आलं, तर साखळी नेमकी कुठे तुटली ते तुम्हाला सापडलं. प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथूनच सुरू करा.