शरभाचा धर्म कोणता?

नाशिक-पुणे रस्त्याने नारायणगाव गाठले की जुन्नर आणि शिवनेरी हाकेच्या अंतरावर. गेल्या पावसाळ्यात आम्ही काही मित्र मुलाबाळांसह तिथे गेलो होतो. चढताना दरवाजावर कोरलेला एक विचित्र प्राणी मुलांना दिसला. धड सिंहाचे, पण सिंह नाही, चेहरा अक्राळविक्राळ. शेजारून जाणाऱ्या एका गृहस्थांनी आपणहून माहिती दिली, "हा शरभ. शंकराचा अवतार. मुसलमान चित्रं कोरत नाहीत, म्हणजे हा दरवाजा त्यांच्या आधीचा." माझ्या मुलाने माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "अब्बा, मग यात आपलं काहीच नाही?"

त्या गृहस्थांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. पुस्तकांतून आणि मोबाईलवरून आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलेला समज ते सांगत होते. म्हणूनच मुलाच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे होते.

शरभाची एक कथा पुराणात आहे, हे खरेच. हिरण्यकशिपूच्या वधानंतरही नरसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हा शंकराने शरभाचे रूप घेऊन त्याला आवरले, असे शैव परंपरा सांगते. काही वैष्णवांनी त्याला उत्तर दिले ते गंडभेरुंडाचे: शरभालाही भारी पडणारा दोन तोंडांचा पक्षी. म्हणजे पुराणातसुद्धा हा प्राणी सर्वांचा एकमुखाने मान्य केलेला नव्हता. त्याच्यावरून आपसात वाद होता.

आता शिवनेरीचा इतिहास पाहू. बहमनी राज्य मोडकळीस आल्यावर मलिक अहमदने हा किल्ला घेतला आणि १४९० मध्ये जुन्नरहून निजामशाहीची सुरुवात केली. त्याचा बाप मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असे फरिश्त्याने आपल्या तवारीखेत लिहिले आहे. १६३० मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हाही शिवनेरी निजामशाहीतच होता. याच किल्ल्याच्या एका दरवाजाला पीर दरवाजा म्हणतात, एकाला गणेश दरवाजा. एकाच वाटेवरचे हे दोन दरवाजे, आणि चढणारा दोन्हींतून जातो.

राहिला चित्रांचा मुद्दा. मशिदीत आणि कुरआनच्या प्रतींत सजीवांची चित्रे काढत नाहीत, ही गोष्ट खरी. पण मशीद वेगळी आणि दरबार, दरवाजा, तोफ वेगळी. हा फरक दख्खनच्या सुलतानांना चांगला ठाऊक होता. बीदरच्या किल्ल्याचा शर्झा दरवाजा १५०३ चा, बहमनी सुलतान महमूदशाहच्या काळातला. त्यावर दोन वाघ कोरलेले आहेत आणि त्यांच्यावरूनच दरवाजाला नाव पडले. शर्झा हा फारसी शब्द. अर्थ खवळलेला, चवताळलेला. पुढे आदिलशाहीतल्या सरदारांनी 'शर्झाखान' हा किताब अभिमानाने मिरवला.

याहून ठळक दाखला विजापूरच्या बुरुजावर आहे. मुलुख-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला बुऱ्हाण निजामशाहसाठी ओतली गेली. ओतणारा कारागीर मुहम्मद बिन हसन रूमी. 'रूमी' म्हणजे तुर्कांच्या मुलखातला. वजन सुमारे ५५ टन. आणि या तोफेचे तोंड कसे आहे? एका अक्राळविक्राळ सिंहमुखी प्राण्याने जबडा वासला आहे आणि त्याच्या दातांखाली हत्ती चिरडला जातो आहे. ही तोफ पुढे परांड्याहून विजापूरला आणली ती मुरार पंडिताने, १६३२ मध्ये. म्हणजे तुर्क कारागिराने घडवलेला हत्तीभक्षक प्राणी एका ब्राह्मण मुत्सद्द्याने दुसऱ्या सुलतानाच्या राजधानीत नेला! यात कोणाचा धर्म शोधायचा?

हत्ती तेव्हा फौजेची ताकद मोजण्याचे माप होता. त्या हत्तीला चिरडणारा प्राणी दरवाजावर कोरायचा म्हणजे येणाऱ्याला सांगायचे, पुढे जपून पाऊल टाक. ही राजकारणाची भाषा सगळे बोलत होते. जंजिऱ्याच्या महाद्वारावर पंजांत हत्ती धरलेला प्राणी आहे, आणि तो किल्ला हबशी सिद्दींचा. विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या सोन्याच्या नाण्यांवर चोचीत आणि पंजांत हत्ती उचलणारा गंडभेरुंड आहे. तिकडे अनातोलियात सेल्जुक सुलतानांच्या कोन्या शहरात दोन डोक्यांचा गरुड दगडात कोरलेला सापडतो, आणि सिंदबादच्या गोष्टींतला रुख पक्षी हत्ती उचलून नेतो. कोणी कोणाकडून घेतले, याचा हिशेब लावत बसण्यात अर्थ नाही. व्यापारी, सैनिक, पाथरवट आणि गोष्टी सांगणारे फिरत राहिले. प्राणीही त्यांच्याबरोबर फिरले.

त्यासाठी नाशिक सोडायचीही गरज नाही. पांडवलेणीतल्या तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली पाहा. जमिनीतून अर्धे वर आलेले सहा धिप्पाड पुरुष सगळे लेणे खांद्यावर पेलत आहेत. हे लेणे सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने बौद्ध भिक्षूंना दान दिले. त्याच डोंगरात शक क्षत्रप नहपानाच्या जावयाने, उषवदाताने दिलेले लेणे आहे आणि उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचेही. कार्ल्याच्या चैत्यगृहातही यवन दात्यांचे लेख आहेत, आणि तिथल्या एका खांबावर चक्क ग्रीकांचा स्फिंक्स बसला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही बाहेरून आलेला माणूस आपला प्राणी घेऊन आला आणि तो इथल्या दगडात मिसळून गेला.

शिवनेरीच्या पायऱ्या उतरताना मुलाला मी एवढेच सांगितले: हा प्राणी पुराणातून आला, दरवाजावर सुलतानांच्याही होता, स्वराज्याच्याही होता, आणि कोरणारे हात इथल्याच पाथरवटांचे असावेत. आपलं काहीच नाही, असं कसं? तो थोडा वेळ गप्प राहिला, मग परत वर पळाला. त्याला शरभाचा फोटो काढायचा होता.