एकहाती सागर परिक्रमा : पूर्वतयारी

शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याआधीची नौका, खलाशी व वेळापत्रक यांची सिद्धता. प्रदक्षिणा पूर्ण मानली जाण्यासाठी निघाल्या बंदरी परतावे लागते, विषुववृत्त ओलांडावे लागते आणि किमान २१,६०० सागरी मैल कापावे लागतात. सुएझ-पनामा कालव्यांची जवळची वाट चालत नाही, आणि इंजिनाचा जोरही.

भारतात हे प्रथम साधले नौदलाचे दिलीप दोंदे यांनी (२००९–१०). कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. २००६ मध्ये दोंदे पुढे आले तेव्हा नौका नव्हती, ती बांधण्याचा अनुभव असलेला भारतीय कारखानाही नव्हता. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ आकाराला आली. लाकडी पट्ट्यांवर फायबरग्लासचे थर चढत असताना दोंदे तिथेच राबत होते. तयारीचा खरा भाग हाच म्हणायला हवा : भर समुद्रात सुकाणू अडले की हाक मारायला कोणी नसते, आणि जोडणी डोळ्यांदेखत झालेली असली तर दोष शोधण्यात दिवस जात नाहीत. फेब्रुवारी २००९ मध्ये नौका नौदलात दाखल झाली. मॉरिशसपर्यंत सोबत्यांसह जाऊन दोंदे परतीला एकटे आले. एकांताची रंगीत तालीम तीच.

निघण्याचा महिना मनाने ठरवता येत नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे हॉर्न भूशिर दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात गाठायचे, म्हणून दोंदे यांनी १९ ऑगस्टला मुंबई सोडली. जानेवारीत हॉर्न ओलांडले, मेमध्ये परत. वाटेत चार थांबे होते. थांब्यांवरची सारी व्यवस्था पाहणारे अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये त्याच नौकेतून न थांबता प्रदक्षिणा केली. थांबा नाही म्हणजे शिधा, पाणी, सुटे भाग, औषधे सारे आधीच मोजून भरणे आले. झोपेचीही सवय लावावी लागते. क्षितिजावर दिसलेले मालवाहू जहाज अंगावर यायला वीसेक मिनिटे पुरतात, म्हणून वर्दळीच्या पाण्यात डुलकी त्याहून मोठी नको.

शर्यतीत नियमांचा काच वाढतो. १९६८–६९ची ‘गोल्डन ग्लोब’ ही एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी जिंकली ती मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहेली’वरून. २०१८ची शर्यत त्याच काळच्या साधनांनी, म्हणजे सेक्स्टंट (सूर्यताऱ्यांची उंची मोजून स्थान काढण्याचे साधन) व कागदी नकाशांवर लढवायची होती. टॉमींसाठी दांडेकरांनी ‘सुहेली’च्या धर्तीवर ‘थुरिया’ बांधली. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलले. तयारीला असलेली ही मर्यादा कोणत्याही यादीने भरून निघत नाही. कण्यात धातूचे गज बसवून, पुन्हा चालायला शिकून ते २०२२ मध्ये ‘बायानात’ नौका घेऊन याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.