वाऱ्यावरची शर्यत

शर्यत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एक आंखलेला मार्ग उभा राहतो. घोड्यांना मैदान असतें, होड्यांना नदीचें पात्र असतें. आज मी ज्या शर्यतीची हकीकत सांगणार आहें तिला असा मार्ग नाहीं. तिच्यांतील वाहनाला इंजिन नाहीं, आणि ज्या हवेवर तें वाहन चालतें ती हवा कोणाच्याहि आज्ञेंत नाहीं. ही शर्यत म्हणजे ग्लायडर नांवाच्या इंजिनरहित विमानांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. लहरी हवेंत भरणाऱ्या स्पर्धेंत गुणवान् कोण हें खरोखर ठरतें, कीं केवळ दैववान् कोण हें ठरतें, हा प्रश्न मनांत धरूनच तिचा इतिहास पाहूं.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. ग्लायडर हवेंत तरंगतो असें आपण म्हणतों. पण खरें पाहतां तो सतत खालीं येत असतो. चांगल्या ग्लायडरचें हें उतरणें शांत हवेंत दर सेकंदास दोन-अडीच फूट इतकेंच असतें. भोंवतालची हवा जर याहून अधिक वेगानें वर चढत असेल, तर तो उतरतां उतरतांच वर जातो. विहिरींतून वर ओढल्या जाणाऱ्या पोहऱ्याच्या आंतल्या अंगानें एखादी मुंगी खालीं उतरत असली, तरी ती एकंदरींत वरच येते. तसाच हा प्रकार आहे.

आम्हां नाशिककरांना हें तत्त्व समजण्यास फार सायास नकोत. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची वस्ती आहे. पश्चिमेचा वारा कड्यावर आदळून वर वळला कीं तीं पंख न हलवितां कड्याच्या कांठानें येरझाऱ्या घालतात. चैत्र-वैशाखांत नांगरलेल्या काळ्या रानांतून वावटळ उठते आणि पाचोळा आभाळांत नेते. तिच्या माथ्यावर पुष्कळदां एखादी घार गोल फिरत असते. पहिला झाला डोंगराचा वारा, दुसरी झाली तापलेल्या जमिनीवरून चढणारी हवा. माणसाला पहिल्याची ओळख लवकर पटली. दुसरीची पटण्यास बरींच वर्षें लागलीं.

जर्मन अभियंता ओटो लिलिएन्थाल यानें १८९१ पासून स्वतः बांधलेल्या पंखांवर सुमारें दोन हजार उड्डाणें केलीं, आणि १८९६ च्या ऑगस्टमध्यें अशाच एका उड्डाणांत कोसळून तो मरण पावला. पुढें इंजिनाचें विमान निघालें आणि ही विद्या मागें पडली. तिला पुन्हा जीव आला तो एका तहामुळें. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहानें जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्यास मनाई झाली व विमानें बांधण्यावरहि बंधनें आलीं. इंजिन नको तर नको, पंख तर आहेत, असें तेथील तरुणांनीं ठरविलें. ऑस्कर उर्सिनस या संपादकानें १९२० सालीं ऱ्होन डोंगरांतील वासरकुप्पे या ९५० मीटर उंचीच्या माथ्यावर पहिली स्पर्धा भरविली. जमलेले बहुतेक विद्यार्थी होते किंवा युद्धांतून परतलेले तरुण होते. त्या पहिल्याच वर्षीं फॉन लोएस्ल हा तरुण उड्डाणांत प्राणास मुकला. आणि क्लेम्पेरर यानें २ मिनिटें २२ सेकंद हवेंत राहून १,८३० मीटर अंतर कापलें, तेव्हां सर्वांस धन्यता वाटली. दोनच वर्षांनीं, १९२२ मध्यें, हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनीं बांधलेल्या ‘व्हँपायर’ या ग्लायडरमध्यें मार्टेन्स तासाहून अधिक वेळ आणि हेन्ट्झेन तीन तासांहून अधिक वेळ हवेंत राहिले.

परंतु हे सर्व वीर डोंगराच्या वाऱ्याला बांधलेले होते. कडा सोडला कीं खालीं उतरणें भाग होतें. ही दोरी तोडली ती एका वादळानें. १९२६ च्या ऑगस्टमध्यें मॅक्स केगेल हा वैमानिक वासरकुप्पेवर उडत असतां गडगडाटी ढगानें त्याला आंत ओढून घेतलें. अनेक हजार फूट वर फेंकला जाऊन तो वाचला, आणि उतरला तो सुमारें ५५ किलोमीटरांवर! पुढें सारे त्याला ‘वादळी मॅक्स’ म्हणूं लागले. ज्या ढगाला सर्व भीत होते त्याच्यांत एवढें बळ आहे हें त्या दिवशीं कळलें. प्राध्यापक वाल्टर जॉर्जी या हवामानशास्त्रज्ञानें या चढत्या हवेचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला, आणि कापसाच्या ढिगासारख्या पांढऱ्या ढगाखालीं हवा वर चढत असते हें उड्डाणांनीं पडताळून पाहिलें.

तथापि हवा चढते आहे हें माणसाला कळावें कसें? घारीला तें अंगानें कळतें. माणसाला यंत्र लागलें. त्याचें नांव व्हॅरिओमीटर. एका बंद बाटलींत हवा असते व तिचें तोंड बारीक नळीनें बाहेर उघडतें. विमान वर गेलें कीं बाहेरचा दाब कमी होतो, बाटलींतील हवा बाहेर येऊं लागते, आणि कांटा ‘चढण’ दाखवितो. विमान उतरलें कीं उलट. रॉबर्ट क्रोनफेल्ड या ऑस्ट्रियन वैमानिकानें १९२८ सालीं या यंत्राचा उपयोग केला, आणि १९२९ मध्यें त्यानें १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली. या क्रोनफेल्डची पुढील कथा विषण्ण करणारी आहे. तो ज्यू होता. १९३३ मध्यें हिटलरचें राज्य आल्यावर ज्या देशांत त्यानें कीर्ति मिळविली तो देश त्याला सोडावा लागला. तो इंग्लंडांत स्थायिक झाला, आणि १९४८ सालीं एका नव्या ग्लायडरची चांचणी घेतांना अपघातांत मरण पावला.

पहिली खरी आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९३७ च्या जुलैमध्यें त्याच वासरकुप्पेवर झाली. सात राष्ट्रांचे वैमानिक आले होते. हाइनी डिट्मार हा जर्मन वैमानिक पहिला आला. त्यापूर्वीं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें ग्लायडिंगचीं प्रात्यक्षिकें झालीं होतीं, आणि १९४० च्या ऑलिंपिकमध्यें या खेळाला स्थान द्यावयाचें ठरलें होतें. सर्वांस एकच साधन असावें म्हणून ‘ऑलिंपिया’ नांवाचा एक नमुना १९३९ मध्यें निवडलाहि गेला. पण त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. ते सामने झालेच नाहींत, आणि ग्लायडिंग ऑलिंपिकच्या कार्यक्रमांत पुढें कधींच आलें नाहीं.

आतां अशी स्पर्धा चालते कशी तें सांगतों. सकाळीं सर्व वैमानिक एकत्र जमतात. हवामानशास्त्रज्ञ त्या दिवसाचें भाकित सांगतो, आणि त्यावरून व्यवस्थापक त्या दिवसाचें काम नेमून देतात: अमुक गांवापर्यंत जाऊन परत या, किंवा तीन ठिकाणांना वळसा घाला. इंजिनाच्या विमानानें अथवा तारेच्या यंत्रानें प्रत्येकाला वर ओढून सोडतात. पुढें जो तो आणि त्याची हवा. हवा संपली कीं कोणाच्या तरी शेतांत उतरावयाचें आणि आपल्या माणसांनीं गाडी घेऊन येण्याची वाट पाहावयाची. दररोज गुण मिळतात आणि शेवटीं त्यांची बेरीज होते. हवा अगदींच वाईट असली तर तो दिवस बाद.

युद्धानंतरची पहिली स्पर्धा १९४८ च्या जुलैमध्यें स्वित्झर्लंडांतील सामेडान येथें भरली. तेथील विमानतळच सुमारें १,७०० मीटर उंचीवर, आणि चोहोंकडे आल्प्सचीं हिमशिखरें. तेथें सकाळचें निरभ्र आकाश दुपारपर्यंत टिकेल याचा भरंवसा नसतो. ढग शिखरांना वेढतात, आणि ढगाच्या आंत कडा असेल कीं पोकळी हें दिसत नाहीं. या स्पर्धेंत स्वीडनचा पेर-आक्सेल पेर्सोन जिंकला. परंतु निकोल्सन व ग्रीग हे दोन ब्रिटिश वैमानिक डोंगरांत प्राणास मुकले. ढगांत शिरून उंची मिळविणें हें तेव्हां कौशल्याचें लक्षण मानलें जात होतें. जेथें गुण मिळतात तेथें माणूस जातोच. म्हणून केवळ सावधगिरीचा उपदेश पुरत नाहीं, नियम लागतो. आज जागतिक स्पर्धांत ढगांत शिरण्यास मनाई आहे. ही मनाई काय किंमत देऊन आली, हें नव्या वैमानिकांनीं विसरूं नये.

यानंतर १९५२ सालीं स्पर्धा माद्रिदला झाली. स्पेनचें तें कोरडें, तापलेलें पठार म्हणजे आपल्या वैशाखांतल्या दख्खनचा भाऊच. तेथें इंग्लंडचा फिलिप विल्स जिंकला. पुढची स्पर्धा १९५४ मध्यें इंग्लंडांत डर्बीशायरमधील कॅम्पहिल येथें होती, आणि तेथें पावसानें व वाऱ्यानें कहर केला. ढग इतके खालीं उतरत कीं टेंकडीवरील मैदानच त्यांत बुडून जाई. निरनिराळ्या देशांतून आलेले वैमानिक दिवसचे दिवस तंबूंत बसून आभाळाकडे पाहत राहिले, आणि मोजक्याच दिवशीं स्पर्धा होऊं शकली. फ्रान्सचा जेरार पिएर विजयी झाला. येथें आपला पहिला प्रश्न उभा राहतो. एका वैमानिकाला उड्डाणाची पाळी ऊन पडल्यावर येते, दुसऱ्याला ढग दाटल्यावर. मग हा न्याय कसला?

याचें एक उत्तर बेरजेंत आहे. स्पर्धेचे दिवस थोडे झाले कीं दैवाचा वांटा वाढतो; दिवस वाढले कीं एका दिवसाचें नुकसान दुसऱ्या दिवशीं भरून निघतें. म्हणूनच आज किमान चार दिवस स्पर्धा झाल्यावांचून जागतिक विजेता जाहीर करीत नाहींत. दुसरें उत्तर अधिक खोल आहे, आणि तें पॉल मॅक्रेडी या अमेरिकन शास्त्रज्ञानें दिलें.

समजा, आपण जमिनीपासून ८०० मीटरांवर आहांत. तेथील हवा आपणांस सेकंदाला दोन मीटर चढविते, म्हणजे आणखी हजार मीटर चढण्यास ५०० सेकंद, आठ मिनिटांहून अधिक वेळ लागेल. दहा किलोमीटरांवर एक भरदार ढग दिसतो. त्याच्याखालीं चार मीटरांची हवा मिळाली तर तेवढीच चढण २५० सेकंदांत होईल. ग्लायडर एक मीटर उतरतांना तीस मीटर पुढें जातो असें धरलें, तर तेथें पोंचेपर्यंत सुमारें ३३३ मीटर उंची खर्च होईल व ४६७ मीटर हातीं राहील. पण आपण पोंचेपर्यंत तो ढग विरून गेला तर? थांबावें कीं निघावें? आणि निघाल्यास किती वेगानें जावें?

मॅक्रेडीचा नियम असा: पुढें जितक्या जोराची हवा मिळण्याचा भरंवसा असेल, तितक्या अधिक वेगानें मधलें अंतर तोडावें, मग त्यांत उंची लवकर खर्च झाली तरी चालेल, आणि पुढच्याहून दुबळ्या हवेंत रेंगाळूं नये. हा हिशेब उडतांना करतां यावा म्हणून त्यानें व्हॅरिओमीटरच्या तबकडीभोंवतीं फिरणारें एक कडें बसविलें. तें अपेक्षेप्रमाणें फिरवावें आणि योग्य वेग वाचावा. १९५६ सालीं फ्रान्समधील सँ-याँ येथें मॅक्रेडी जगज्जेता झाला. याच मॅक्रेडीच्या विमानानें १९७९ मध्यें केवळ माणसाच्या पायांच्या बळावर इंग्लिश खाडी ओलांडली.

या नियमांत विशेष काय आहे पाहा. उद्यांची हवा निश्चित सांगतां येईल असें तो म्हणत नाहीं. आपली अपेक्षा काय आहे तें आधीं स्वतःशीं स्पष्ट करा, ती आंकड्यांत मांडा, आणि ती चुकते आहे असें दिसतांच कडें फिरवा, एवढेंच तो सांगतो. अनिश्चितता नाहींशी होत नाहीं. तिच्याशीं वागण्याची रीत मात्र ठरते. आभाळ सर्वांस सारखेंच लहरी असतें; ज्याचा अंदाज कमी चुकतो आणि चुकल्यावर लवकर सुधारतो, तो पुढें जातो. अशा अभ्यासामुळेंच १९७२ मध्यें जर्मनीच्या हान्स-वेर्नर ग्रोसे यानें एका दिवसांत १,४६० किलोमीटर उड्डाण केलें. क्लेम्पेररच्या १,८३० मीटरांपासून येथवर बावन्न वर्षें लागलीं.

आपल्याकडे ही विद्या परकी राहिली नाहीं. केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्यानें एस. रामामृतम् यांच्या आराखड्यांवरून १९५८ मध्यें ‘अश्विनी’ आणि १९६१ मध्यें ‘रोहिणी’ हे दोन आसनांचे ग्लायडर तयार केले. पुण्याजवळ हडपसर येथें सरकारी ग्लायडिंग केंद्र निघालें, आणि तेथें तरुणांच्या पिढ्यांनीं इंजिनावांचून उडण्याचा पहिला धडा घेतला. मार्च ते मे या महिन्यांत आपलें पठार जसें तापतें व जशी हवा वर फेंकतें, तसें भाग्य कॅम्पहिलच्या वैमानिकांना स्वप्नांतहि मिळालें नसतें. मात्र मेअखेरचा वळीव आणि त्यामागून येणारा पाऊस हे आपले परीक्षक आहेत, आणि ते केगेलच्या ढगापेक्षां सौम्य नाहींत.

म्हणून पालकांस व शिक्षकांस माझी एक विनंति आहे. मुलांना ढगांचीं नांवें पाठ करावयास लावण्यापूर्वीं त्यांना रोज दुपारीं आभाळ दाखवा. घार कोठें वळली, वावटळ कोठून उठली, ढग कोणत्या बाजूनें वाढला आणि किती मिनिटांत विरला, हें वहींत लिहावयास सांगा. उद्यां पाऊस येईल कीं नाहीं याचा अंदाज आजच लिहून ठेवावा, आणि उद्यां तो ताडून पाहावा. त्यांच्यापैकीं कोणी वैमानिक होईल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. पण वाऱ्याला दोष न देतां आपला अंदाज सुधारण्याची संवय लागली, तर ती शेतांत, व्यापारांत आणि संसारांतहि उपयोगी पडेल.