माळावरचें यंत्र जागें कसें होतें

धाराशिव जिल्ह्यांत पाऊस मोजणें हें केवळ हौसेचें काम नव्हे. परंडा, भूम, तुळजापूर या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या पीकविम्याच्या हिशेबांत आपल्या मंडळांतील पावसाच्या आंकड्याला मोठें महत्त्व असतें; आणि महावेध योजनेखालीं २०१७ सालापासून हा आंकडा स्वयंचलित हवामान केंद्रें टिपूं लागलीं. माळावरील अशा केंद्राची बॅटरी उतरून पुन्हा भरली, तर आंतील चिमुकल्या गणकयंत्राला जागें कोण करतें? तेथें चालक नसतो. तें आपणच उठतें.

ही अडचण जुनी आहे. १९४९ सालीं इंग्लंडांत केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स यांनीं एड्सॅक हें गणकयंत्र चालू केलें. त्याची स्मृति पाऱ्याच्या नळ्यांत असे व वीज जातांच ती कोरी होई. फितीवरील आज्ञा वाचावयाच्या, तर वाचण्याच्या आज्ञा आधीं आंत हव्यात! २२ वर्षांच्या डेव्हिड व्हीलरनें अशा ३१ आज्ञा टेलिफोन केंद्रांतील फिरत्या स्विचांवर कायमच्या बांधून टाकल्या. कळ दाबली कीं त्या स्मृतींत उतरत. त्याच वर्षीं त्यानें त्या ४१ केल्या, आणि खरी प्रतिभा दिसते ती येथें. एखादा आज्ञासमूह स्मृतींत कोठेंही बसविला, तरी त्यांतील पत्ते त्या जागेप्रमाणें आपोआप दुरुस्त होऊं लागले. बिऱ्हाड हललें कीं टपालाचा पत्ता बदलावा, तसेंच हें.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं टिफ्रॅक चालू झालें. त्याची स्मृति फेराइटच्या कड्यांची, वीज गेली तरी टिकणारी. पुढें स्वस्त व चपळ अर्धवाहक स्मृति आली आणि तिच्याबरोबर विसराळूपणाही परतला. त्यावर १९७१ सालीं डोव्ह फ्रोमन यांनीं अतिनील किरणांनीं पुसतां येणारी टिकाऊ स्मृति काढली. १९८४ सालीं तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनीं विजेनेंच खणाचा खण पुसतां येणारी फ्लॅश स्मृति जगापुढें मांडली.

फ्लॅशमध्यें एक गैरसोय आहे. तिचा एक खण पुसला जात असतां त्याच चिपेंतून आज्ञा वाचणें बहुधा जमत नाहीं. म्हणून पुसण्याच्या आज्ञा आधीं स्वतःची नक्कल धावत्या स्मृतींत करून तेथून चालतात. बसल्या फांदीवर घाव घालूं नये, हें शहाणपण यंत्रालाही शिकवावें लागलें. पण लिहितां लिहितां वीजच गेली तर? याकरितां आरंभींच्या आज्ञांचा खण कुलूपबंद ठेवतात, आणि नवी प्रत जुनीच्या शेजारीं पूर्ण उतरवून, तपासून, मगच तिच्याकडे वळतात. ही खबरदारी न घेतलेलें यंत्र माळावर मुकें उभें राहतें, आणि त्या दिवशींचा पाऊस नोंदींत येत नाहीं.