वाघाचा फोटो वाघानंच काढला

शिकारीच्या जुन्या फोटोंतला वाघ तुम्ही पाहिला असेल. वाघ आडवा पडलेला आणि शेजारी बंदूक घेऊन साहेब किंवा संस्थानिक उभे. मग रानात आपल्या मनानं चालणारा वाघ कागदावर उतरला कधी? गुरुजी, मुलांना हे जरूर सांगा.

अडचण साधी होती. वाघ फिरतो रात्री. लांबची वस्तू जवळ दाखवणारी भिंगं होती, पण त्यांना लख्ख ऊन लागे. आणि माणसाची चाहूल लागली की वाघ झाडीत गडप. तेव्हा दूर राहायचं ते माणसानं. कॅमेरा मात्र वाटेच्या कडेलाच हवा.

अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी दोरी ताणून हरणांचे फोटो घेतले होते. १९०६ साली ते छापूनही आले. आपल्याकडे ही युक्ती वाघावर चालवली ती फ्रेडरिक चॅम्पियन यांनी. हे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी. बंदुकीपेक्षा कॅमेऱ्यावर जीव. शिवालिकच्या पायथ्याशी ते आधी वाघाच्या पावलांचे ठसे पाहून त्याची नेहमीची वाट हेरत. संध्याकाळी त्या वाटेवर बारीक तार ताणायची, कॅमेरा झुडपात लपवायचा आणि आपण निघून यायचं. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडे आणि त्याच क्षणी फोटो निघे. एक भडका म्हणजे एकच फोटो! शिवाय तारेला काय, कुणीही सारखंच. साळिंदर आलं तर साळिंदराचा फोटो, आणि रात्र फुकट.

ऑक्टोबर १९२५ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नं हे फोटो पहिल्या पानावर छापले. जिम कॉर्बेट यांनाही त्यांचं वेड लागलं. त्यांनी वाघांचा चलत्‌पट घ्यायचं ठरवलं, तर कॅमेऱ्याची घरघर आड आली. मग गड्यानं काय करावं? ओढ्याला बांध घालून पाणी खळखळतं केलं, आणि त्या आवाजात घरघर बुडवली.

चॅम्पियन यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली: दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पुढं १९९० नंतर कर्नाटकात नागरहोळेच्या रानात उल्हास कारंत यांनी याच खुणेवरून वाघांची मोजदाद बसवली. त्याआधी पावलांच्या ठशांवरून गणती होई, आणि एकच वाघ दोनदा धरला जाण्याचा धोका असे. २००६ पासून देशाच्या व्याघ्रगणनेत कॅमेरे आले. आपल्या ताडोबातही ते वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात.