ब्रेक दाबून ठेवलेली ब्युइक

कॉलेजात आम्ही ऑटोमॅटिक गाडीला ‘म्हाताऱ्यांची गाडी’ म्हणून हसायचो. मग एकदा अमेरिकेतल्या १९८७च्या काळ्या ब्युइक जीएनएक्सबद्दल वाचलं. फक्त ५४७ गाड्या बनल्या. ३.८ लिटरचं व्ही-६ टर्बो इंजिन, कागदावर २७६ हॉर्सपॉवर, आणि गिअरबॉक्स चक्क ऑटोमॅटिक!

ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीत, टर्बोची गोची अशी की तो फिरतो एक्झॉस्टवर. उभ्या गाडीत एवढा एक्झॉस्ट आणायचा कुठून? तर डाव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा आणि उजव्याने ॲक्सिलरेटर. टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहतो, इंजिनवर लोड येतो, बूस्ट चढतो. हिरवा दिवा लागला की ब्रेक सोडा! (फार वेळ धरलंत तर गिअरबॉक्सचं तेल तापतं.) मॅन्युअलमध्ये क्लच दाबून कितीही रेस करा, लोडच नाही, तर बूस्ट कुठला?

आमचं हसणं मागे घेतो.